एका पत्रकाने निवडणूक जिंकून दिली नाही: जपानची टपालसुधारणा आणि ‘बी’ थराची गोष्ट

जपानच्या टपालसेवेच्या (जी टपालाबरोबर लोकांची बचत आणि विमाही सांभाळत होती) खासगीकरणाचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो. तो असा: २००४ साली जपान सरकारने एका जाहिरात कंपनीकडून जनतेची बुद्ध्यांकानुसार वर्गवारी करून घेतली, त्यातल्या ‘बी’ थराला, म्हणजे गृहिणी, मुले आणि वृद्ध अशा ‘कमी बुद्धीच्या’ लोकांना हेरले, पत्रके आणि दूरचित्रवाणी यांच्या जोरावर त्यांना भुलवले, आणि त्या भुललेल्या मतांवर पंतप्रधान जुनिचिरो कोइझुमी यांनी सप्टेंबर २००५ ची निवडणूक जिंकून टपालखाते विकायला काढले. प्रचारयंत्रणा लोकांना कशी खेळवते याचा हुकमी दाखला म्हणून हा दावा सांगितला जातो, आणि सांगणारा स्वतःला अर्थातच ‘ए’ थरात धरतो.

हा दावा निव्वळ अफवा म्हणून उडवून लावता येत नाही, कारण त्याच्या मुळाशी खराखुरा कागद आहे. मात्र त्या कागदापासून निवडणुकीच्या निकालापर्यंत दावा ज्या उड्या मारतो, त्यातली एकही नीट जमिनीवर उतरत नाही.

आधी तो कागद पाहू. १५ डिसेंबर २००४ अशी तारीख असलेला हा प्रस्ताव ‘स्लीड’ नावाच्या कंपनीने तयार केला होता आणि टपाल खासगीकरणाबाबत जनमत कसे जुळवून आणावे, हा त्याचा विषय होता. त्यात एक आलेख आहे. उभ्या अक्षावर बुद्ध्यांक, आडव्या अक्षावर कोइझुमींच्या आर्थिक सुधारणांविषयीची अनुकूलता, आणि या दोन रेषांनी पाडलेले चार कप्पे. वरच्या बाजूला सुधारणांना अनुकूल असा ‘ए’ थर: उद्योगजगतातले यशस्वी लोक, प्राध्यापक, माध्यमांतली मंडळी, शहरी नोकरदार. त्याच्यासमोर विरोधकांचा ‘सी’ थर. खाली अनुकूल बाजूला ‘बी’ थर, ज्याचे वर्णन ‘तपशील कळत नाहीत, पण पंतप्रधानांचे व्यक्तिमत्त्व आवडते’ अशा आशयाचे आहे. उरलेल्या कोपऱ्यात बेकारीसारखे चटके सोसून सुधारणांना घाबरलेले लोक. प्रचाराचा सगळा भर ‘बी’ थरावर द्यावा, अशी शिफारस होती. जून २००५ मध्ये विरोधी सदस्यांनी, विशेषतः कम्युनिस्ट पक्षाचे केन्शो सासाकी यांनी, संसदेच्या विशेष समितीत हा कागद पुढे आणला आणि गदारोळ झाला. एवढे सगळे खरे आहे.

आता दाव्याचा पहिला भाग: सरकारने जनतेची बुद्ध्यांकानुसार वर्गवारी ‘करून घेतली’. अशी कोणतीही मोजणी झालेली नव्हती. कोणाची चाचणी घेऊन लोक या कप्प्यांत घातलेले नव्हते. आलेखातला बुद्ध्यांकसुद्धा भावनिक समज आणि संगणकीय साक्षरता यांना पोटात घेणारी सैल कल्पना म्हणून मांडलेला होता. काम मिळवू पाहणाऱ्या कंपनीने ग्राहकापुढे ठेवलेले ते सादरीकरण होते, आणि अशा सादरीकरणांत जनतेचे तीन-चार कप्पे पाडून ‘यांच्यावर भर द्या’ असे सांगणे हा त्या धंद्याचा रोजचा रिवाज आहे. हा कंपनीचा प्रस्ताव होता, सरकारचे धोरण नव्हे, अशी बाजू सरकारने घेतली. त्या उत्तराने माझेही पूर्ण समाधान होत नाही, कारण खासगीकरणाच्या सरकारी प्रचारपत्रकाचे काम शेवटी याच कंपनीला मिळाले आणि असा आलेख पाहून कोणी तिला दारातूनच परत पाठवले नाही. पण कंत्राटदाराचा उद्धटपणा खपवून घेणे आणि स्वतः जनतेची बुद्धी मोजायला सांगणे, हे दोन वेगळे आरोप आहेत. त्यांतला पहिला सिद्ध होतो, दुसरा नाही.

दुसरा भाग पत्रकाच्या परिणामाचा. हे पत्रक २० फेब्रुवारी २००५ रोजी वर्तमानपत्रांत घालून घरोघर गेले. प्रती सुमारे दीड कोटी, खर्च सुमारे १५ कोटी येन, म्हणजे प्रतीमागे साधारण १० येन. खासगीकरणाचे काम पाहणारे मंत्री हेइझो ताकेनाका आणि दूरचित्रवाणीवरचे परिचित व्यक्तिमत्त्व टेरी इतो यांच्यातल्या गप्पांच्या रूपात खासगीकरण कसे हिताचे आहे, हे त्यात समजावले होते. त्याच सुमारास ताकेनाका गावोगावच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांतूनही फिरत होते.

या सगळ्याने जनमत फिरले असते, तर ते वसंतात दिसायला हवे होते. प्रत्यक्षात २००५ च्या वसंतातही मतदारांच्या काळज्यांच्या यादीत निवृत्तिवेतन आणि अर्थव्यवस्था वर होती आणि टपालखाते बरेच खाली होते. संसदेत तर त्याहून वाईट अवस्था होती. विधेयके २७ एप्रिलला मांडली गेली. ५ जुलैला ती कनिष्ठ सभागृहात २३३ विरुद्ध २२८, म्हणजे अवघ्या पाच मतांनी तरली. सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाच्या ३७ खासदारांनी विरोधात मत दिले आणि आणखी १४ जण अनुपस्थित किंवा तटस्थ राहिले. ८ ऑगस्टला वरिष्ठ सभागृहाने ती १०८ विरुद्ध १२५ मतांनी फेटाळली. जनतेला वश करणारी मोहीम सहा महिन्यांपूर्वीच यशस्वी झाली होती असे मानायचे, तर जनतेच्या नाडीवर बोट ठेवून जगणारे एवढे खासदार पंतप्रधानांच्या विरोधात उभे कसे राहिले, याचे उत्तर दावा करणाऱ्यांनी द्यायला हवे.

तिसरा भाग निवडणुकीचा, आणि तिथे जरा थांबायला हवे, कारण दाव्याचा सगळा डोलारा ‘प्रचंड बहुमत म्हणजे प्रचंड मतांतर’ या समजुतीवर उभा आहे. ११ सप्टेंबर २००५ च्या निवडणुकीत कोइझुमींच्या पक्षाला ४८० पैकी २९६ जागा मिळाल्या. मित्रपक्ष कोमेइतोच्या ३१ धरून ३२७, म्हणजे दोन तृतीयांशांहून अधिक. आता मते पाहा. (४८० पैकी ३०० जागा एकसदस्य मतदारसंघांतल्या, उरलेल्या पक्षांना पडलेल्या मतांच्या प्रमाणात वाटल्या जाणाऱ्या, म्हणजे प्रमाणशीर.) एकसदस्य मतदारसंघांत पक्षाचा मतवाटा २००३ मध्ये सुमारे ४४ टक्के होता. २००५ मध्ये तो सुमारे ४८ टक्के झाला. चार टक्क्यांची वाढ. जागा मात्र ३०० पैकी १६८ वरून २१९ झाल्या. प्रमुख विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाला याच मतदारसंघांत ३६ टक्क्यांहून अधिक मते मिळूनही ५२ जागांवर समाधान मानावे लागले. सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो, या आपल्याकडच्याही पद्धतीत असे होतेच. तिथे राष्ट्रव्यापी संमोहनाची गरज लागत नाही. प्रमाणशीर पद्धतीच्या मतांत पक्षाचा वाटा ३८ टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे दर दहा मतदारांपैकी सहा जणांनी तिथे दुसऱ्याच कोणाला पसंती दिली होती.

मतदान किती वाढले, हेही पाहायला हवे. २००३ मध्ये ते जेमतेम ६० टक्के होते, २००५ मध्ये ६७.५ टक्के झाले. आणि सर्वांत मोठी उलथापालथ शहरांत झाली. टोकियोच्या २५ एकसदस्य मतदारसंघांत डेमोक्रॅटिक पक्षाकडे नाओतो कान यांची एकमेव जागा उरली. (प्रमाणशीर यादीत तर टोकियोत सत्ताधारी पक्षाला इतकी मते पडली की त्याच्याकडचे उमेदवारच संपले आणि हक्काची एक जागा समाजवाद्यांना गेली. इतक्या धूर्त योजनाकारांना उमेदवारांची बेरीज का जमली नाही, हा प्रश्न सुचल्याशिवाय राहत नाही.) मतदारसंघाच्या निकालावरून एकेका मतदाराचे मन वाचता येत नाही, हे मान्य, तरी शहरी नोकरदारांना ‘ए’ थरात बसवणाऱ्या त्या आलेखाचा आणि या निकालाचा मेळ दावा करणाऱ्यांनाच घालायचा आहे.

मग जिंकून कशाने दिले? ८ ऑगस्टच्या एका निर्णयाने. वरिष्ठ सभागृहाने विधेयक फेटाळले म्हणून कोइझुमींनी त्याच दिवशी कनिष्ठ सभागृह बरखास्त केले. घटनेच्या दृष्टीने ही चाल वादग्रस्त होती, पण राजकारणाच्या दृष्टीने तिने चित्रच पालटले. रात्रीच्या पत्रकार परिषदेत त्यांनी, सगळे विरोधात असूनही पृथ्वी फिरते म्हणणाऱ्या गॅलिलिओचा दाखला दिला आणि टपाल खासगीकरण हवे की नको, हे जनतेलाच विचारायचे आहे, असे सांगितले. विरोधात मत देणाऱ्या स्वपक्षीयांना उमेदवारी नाकारली आणि त्यांच्यासमोर नवे उमेदवार उभे केले, ज्यांना माध्यमांनी ‘मारेकरी’ हे नाव दिले. टोकियोत युरिको कोइके उतरल्या. हिरोशिमात बंडखोर शिझुका कामेई यांच्यासमोर ताकाफुमी होरिए हे तरुण उद्योजक अपक्ष म्हणून उभे राहिले आणि पडले. या भाऊबंदकीने व्यासपीठ इतके व्यापले की खरा विरोधी पक्ष प्रेक्षकांत जाऊन बसला. डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते कात्सुया ओकादा निवृत्तिवेतनावर बोलत राहिले, आणि टपालावर त्यांच्या पक्षाचे म्हणणे असे होते की ठेवींची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणावी. ते चुकीचे नव्हते, पण ‘हवे की नको’ या प्रश्नापुढे ते उत्तरच ठरत नव्हते. फेब्रुवारीतल्या पत्रकात यातले काहीही नव्हते. असणे शक्यही नव्हते.

चौथा भाग: दूरचित्रवाणी सरकारच्या खिशात होती. त्या ऑगस्टमध्ये वाहिन्यांनी मोजक्या मतदारसंघांतल्या मारेकरी उमेदवारांमागे कॅमेरे पळवले, टपालबचतीचे काय होणार याची चर्चा मागे पडली, ही टीका रास्त आहे. पण त्यासाठी कोणी पैसे मोजल्याचा पुरावा दावा करणारे देत नाहीत, आणि मोजण्याची गरजही नव्हती. तमाशा फुकट मिळत असताना तो न दाखवणारी वाहिनी विरळाच. शिवाय इथे दोन यंत्रणांची सरमिसळ होते. पत्रक हे सरकारी खर्चाने सरकारने काढले होते. निवडणुकीतले संपर्काचे काम पक्षाचे होते आणि ते पूर्वी एनटीटी या दूरसंचार कंपनीत जनसंपर्क सांभाळलेले खासदार हिरोशिगे सेको यांच्या चमूने, वेगळ्या जनसंपर्क कंपनीच्या मदतीने पाहिले. पक्षाने आपल्या पैशाने प्रचार करणे आणि सरकारने करदात्याच्या पैशाने करणे, या दोन गोष्टींना वेगळी मोजपट्टी लागते. दाव्यात त्यांचे कडबोळे होते.

पाचवा भाग उघडपणे बोलला जात नाही, पण गृहीत धरलेला असतो: एका बाजूला प्रचारयंत्रणा आणि दुसऱ्या बाजूला बिचारे टपालखाते. जपानमधल्या सुमारे २४ हजार ७०० टपालकार्यालयांपैकी बहुसंख्य ही ‘विशेष’ प्रकारची होती. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) गावातल्या वजनदार घराण्यांनी आपली जागा दिली आणि पोस्टमास्तरकी त्या घरात राहिली, अशी त्यांची परंपरा. हे पोस्टमास्तर आणि त्यांच्या निवृत्तांची संघटना म्हणजे सत्ताधारी पक्षाची गावपातळीवरची मते गोळा करणारी फळी होती. २००१ च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत एका माजी टपाल अधिकाऱ्यासाठी खात्याचे अधिकारीच प्रचाराला लागले. त्यांना अटक झाली आणि निवडून आलेल्या उमेदवाराला राजीनामा द्यावा लागला. बचत आणि विमा मिळून सुमारे ३५० लाख कोटी येन ज्या खात्याच्या हाती होते, त्याला आपली बाजू मांडायला माणसे कमी पडत नव्हती.

लोक कायमचे भुलले होते, हे तर तपासायलाही फार वेळ लागत नाही. याच मतदारांनी ऑगस्ट २००९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला ३०८ जागा दिल्या, आणि डिसेंबरात नव्या सरकारने टपाल समूहाच्या समभागांची विक्री कायद्याने थांबवली. समभाग बाजारात यायला नोव्हेंबर २०१५ उजाडला.

या दाव्यावरचा माझा मुख्य आक्षेप मात्र निराळा आहे. तो सरकारवर अवाजवी टीका करतो म्हणून नव्हे, तर ज्यासाठी सरकारला धरायला हवे तेच निसटू देतो म्हणून. पत्रक घरोघर गेले २० फेब्रुवारीला आणि विधेयके संसदेत आली २७ एप्रिलला. म्हणजे ज्या कायद्याचा मसुदा खासदारांनी पाहिलेला नव्हता, ज्याला सत्ताधारी पक्षातच विरोध होता, त्याची एकतर्फी भलामण करदात्यांच्या पैशाने दोन महिने आधीच झाली होती. मंजूर कायद्याची माहिती देणे हे सरकारचे कामच आहे. वादात असलेल्या प्रस्तावासाठी सरकारी तिजोरीतून जनमत तयार करणे हे नव्हे. त्यातही कंत्राट स्पर्धात्मक निविदा न काढता थेट दिले गेले. विशेष समितीत विरोधकांनी लावून धरलेले प्रश्न प्रामुख्याने याच व्यवहाराभोवती होते: कंपनी कोणी निवडली, कागदपत्रे केव्हा झाली, मंत्र्यांना किती माहीत होते. बुद्ध्यांकाचा आलेख निघाला तो या चौकशीच्या ओघात, आणि नंतर तोच तेवढा लोकांच्या लक्षात राहिला.

कोइझुमी सरकारच्या माध्यम नियोजनात खरोखर लोकांना फसवण्याचा प्रकार शोधायचा असेल, तर तो या आलेखापेक्षा त्यांच्या ‘टाउन मीटिंग’मध्ये सापडतो. २००१ पासून मंत्री आणि नागरिक यांच्यातला खुला संवाद म्हणून या सभा देशभर भरवल्या गेल्या. कोइझुमी पायउतार झाल्यावर, २००६ च्या अखेरीस आलेल्या सरकारी चौकशीत निघाले की १७४ पैकी १५ सभांमध्ये सरकारला अनुकूल असे प्रश्न आधी ठरवून लोकांकडून विचारून घेतले होते, आणि सभेत बोलणाऱ्या काहींना ५ हजार येन मानधनही दिले होते. तिथे कोणता थर कोणाला भुलवत होता, याचा अंदाज करत बसावे लागत नाही. प्रश्न कोणी लिहिले आणि पैसे कोणी दिले, हे सरकारच्याच अहवालात आहे.