‘आम्ही’ म्हणणाऱ्या माणसाची मुलाखत

आज दुपारी आमच्या कंपनीत नेटवर्क सपोर्टच्या एका जागेसाठी मुलाखती होत्या आणि लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संपर्क दलात, बावीस वर्षे काढलेल्या एका हवालदाराला आमच्या मॅनेजरनी पंधरा मिनिटांत वाटेला लावले. शेरा असा, की अनुभव भरपूर आहे, पण ‘ओनरशिप’, म्हणजे काम स्वतःचे मानून जबाबदारी घेणे, दिसत नाही. मी त्याच खोलीत तिसऱ्या खुर्चीवर बसलो होतो आणि गप्प राहिलो. त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

ओनरशिप दिसली नाही, कारण तो माणूस प्रत्येक उत्तरात ‘आम्ही’ म्हणत होता. आम्ही केबल टाकली, आम्ही टेलिफोन एक्स्चेंज सुरू केले. मॅनेजरनी दोनदा विचारले, ‘यात तुम्ही स्वतः काय केलेत?’ तो दोन्ही वेळा गोंधळला, आणि मला 2017 मधला मी दिसलो.

तेव्हा मीही नुकताच वीस वर्षांची लष्करी सेवा संपवून साताऱ्याला परतलो होतो आणि पुण्यात मुलाखती देत फिरत होतो. एका ठिकाणी ‘सर्वांत अवघड बिघाड सांगा’ असे विचारल्यावर मी लडाखमधली जानेवारी 2009 ची रात्र सांगितली. ऑप्टिकल फायबर तुटली होती. ओटीडीआर यंत्र तुटीचे अंतर मीटरमध्ये दाखवते, पण ते केबलचे अंतर असते, रस्त्याचे नव्हे. वाटेत जागोजागी राखीव वेटोळी पुरलेली असतात, त्यामुळे नेमकी जागा बर्फात शोधावी लागली. फायबरचा उघडा तंतू केसाएवढा, 125 मायक्रॉनचा असतो, तो हातमोजे घालून पकडता येत नाही. थंडीने बॅटरी मान टाकते, म्हणून एक जवान तंतू ठिणगीने जोडणाऱ्या स्प्लायसिंग मशिनची जादा बॅटरी कोटाच्या आत छातीशी धरून बसला होता. दुसरा वाऱ्याकडे पाठ करून ताडपत्री धरून उभा होता, कारण वाऱ्याने मशिनमधली ठिणगी हलली तर जोड फसतो. तिसरा टॉर्च धरून होता आणि मी उघड्या बोटांनी एकामागून एक चोवीस तंतू जोडत होतो. पहाटे एक्स्चेंजवरून ‘ओके’ आला. हे सगळे ऐकून समोरच्या मुलाने विचारले, ‘तिकीट कोणत्या टूलवर बंद केलेत?’ (म्हणजे बिघाडाची नोंद कोणत्या सॉफ्टवेअरवर मिटवली) आणि मग, ‘यात तुमचा वैयक्तिक वाटा किती टक्के?’ मी म्हणालो, ‘आम्ही चौघे होतो.’ त्या कंपनीचा फोन परत आला नाही.

इंग्रजीत ईमेल लिहिता यायला हवा, क्लाउड शिकायला हवे, आमच्यातले काही जण हुद्द्याची ऐट घेऊन येतात, हे सारे मान्य. मीही चाळिशीत पोरांच्या शेजारी बसून सीसीएनए हे नेटवर्किंगचे प्रमाणपत्र मिळवले. सेवेच्या शेवटच्या वर्षात पुनर्वसनाचा, म्हणजे बाहेरच्या नोकरीसाठीचा, अभ्यासक्रम निवडताना आपल्यातले बरेच जण विषय न पाहता गावाजवळचे केंद्र पाहतात, हाही आपलाच दोष आहे, आणि तो मीही केला आहे.

पण बाकीचे काय? दहावी पास जवानाला पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पदवीसमान मानणारे प्रमाणपत्र मिळते. सरकारच्या गट ‘क’ च्या पदांसाठी ते चालते. खासगी कंपनीच्या अर्जात मात्र पदवीच्या रकान्यात बी.ई., बी.एस्सी., बी.सी.ए. यांतलेच काहीतरी निवडावे लागते, आणि तिथे माणसाने बायोडाटा वाचण्याआधीच आपला अर्ज गळतो. माजी सैनिक म्हटला की यांना गेटवरचा पहारेकरीच आठवतो. पहाऱ्याचे काम हलके आहे, असे मी म्हणत नाही, माझा चुलतभाऊ तेच काम करतो आणि मान ताठ ठेवून करतो. पण ज्याने उणे वीस अंशांत लाइन जिवंत ठेवली, त्याला सर्व्हर रूमच्या आत घ्यायचे सोडून दाराबाहेर उभे करायचे, हा कुठला हिशेब?

मला पाचव्या ठिकाणी नोकरी लागली ती एका वयस्कर इंजिनिअरमुळे. त्यांनी काही न विचारता बंद पडलेला नेटवर्क स्विच (संगणक एकमेकांना जोडणारे यंत्र) आणि त्याला लॅपटॉप जोडायची कन्सोल केबल पुढे सरकवली आणि ते चहा प्यायला गेले. ते परत येईपर्यंत स्विच चालू होता. आज मी एवढेही सुचवले नाही. आता तर 2022 च्या अग्निपथ योजनेतली चोवीस-पंचविशीची मुले बाहेर पडतील, चारांतली तीन; माझा भाचाही त्यांत आहे. तो कुणाच्या खुर्चीसमोर बसेल, या विचाराने झोप येत नाही.

(एवढे लिहून थांबलो होतो. मधे त्या हवालदारांना फोन केला.)

त्यांना म्हटले, ‘पुढच्या वेळी “मी” म्हणा, यांना तेच ऐकायचे असते.’ ते थोडे थांबून म्हणाले, ‘सर, मी म्हटलं तर बाकीच्यांचं काय सांगायचं?’ मला उत्तर सुचले नाही. रविवारी त्यांना घरी बोलावले आहे. बायोडाटा दोघे मिळून पुन्हा लिहू, आणि सोमवारी मॅनेजरकडे जाऊन त्यांना आणखी एकदा बोलवा, या वेळी टेबलावर एक स्विच ठेवा, असे सांगणार आहे.