घरकुलाला एजंट लागत नाही, जागेचा उतारा लागतो

आठवडाभर आमच्या तालुक्याच्या गावात एक मेसेज फिरतोय. "प्रधानमंत्री आवास शहरी. एजंटाशिवाय मंजुरी नाही. भाड्याने राहणाऱ्यांनी अर्ज करू नये. गाव ग्रामपंचायत असताना यादीत नाव होतं त्यांनी नव्याने भरू नये. नाव आलं की अडीच लाख एकदम खात्यात." हे वाचून हातावर पोट असलेली माणसं उसने पैसे घेऊन एजंटाकडे जाताहेत, म्हणून लिहितोय.

आधी एजंटाचं. अर्जाला सरकार पैसे घेत नाही. योजनेच्या पोर्टलवर आधार नंबर टाकून तो घरबसल्या भरता येतो, जमत नसेल तर नगरपंचायतीत जाऊन विचारा. छाननी नगरपंचायत करते, मग प्रस्ताव राज्याच्या आणि शेवटी केंद्राच्या समितीपुढे जातो. यातल्या एकाही टप्प्यावर एजंटाची सही लागत नाही. आधारला जोडलेला मोबाइल मात्र चालू हवा, ओटीपी त्याच्यावरच येतो.

भाडेकरूंबद्दल मेसेज म्हणतो ते अर्धंच खरं आहे. स्वतःच्या जागेवर बांधायला अडीच लाख मिळतात, दीड केंद्राचे आणि एक राज्याचा. त्याला जागा हवीच. पण 1 सप्टेंबर 2024 पासून लागू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात आणखी तीन वाटा आहेत: भागीदारी प्रकल्पातलं तयार घर, परवडणारी भाड्याची घरं आणि गृहकर्जावर व्याज अनुदान. लहान गावात पहिल्या दोन फारशा दिसत नाहीत, हे मान्य. तिसरी मात्र शहरी योजनेतल्या कुठल्याही गावात चालते. वर्षाचं उत्पन्न 9 लाखांच्या आत, घर 35 लाखांपर्यंतचं, कर्ज 25 लाखांपर्यंतचं असेल तर 1 लाख 80 हजारांपर्यंत अनुदान पाच हप्त्यांत मिळतं. एक मोठी अट: नवरा, बायको किंवा लग्न न झालेली मुलं, यांच्यापैकी कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको.

जुन्या यादीचा मुद्दा सगळ्यात घातक. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की गाव शहरी योजनेत येतं. ग्रामीण यादीत नाव होतं म्हणून स्वस्थ बसलात तर इथला अर्ज राहूनच जाईल.

आणि पैसे एकदम कधीच येत नाहीत. बांधकाम जसं चढेल तसे जागेवरचे फोटो काढून नोंद होते, मग हप्ता पडतो. पहिला खर्च कुठून करायचा याची तजवीज आधी करून ठेवा.

मेसेजमध्ये जे नाहीच, अर्ज खरा अडतो तो तिथेच. आमच्या गल्लीतल्या एक मावशी प्लॅस्टिकच्या पिशवीत वीस वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या घेऊन आल्या. टाचण्या गंजून कागदाला भोकं पडली होती, पण एकही पावती हरवली नव्हती. त्यांना वाटत होतं, एवढ्या पावत्या म्हणजे घर आपलंच. घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करत नाही. सिटी सर्व्हेचा उतारा काढला तर नाव निघालं सासऱ्यांचं, आणि ते जाऊन अकरा वर्षं झालेली. वारसनोंद झालेलीच नाही. वारस म्हणजे मावशींच्या नवऱ्यासकट तीन भाऊ आणि एक नणंद.

हे काम एजंट करून देत नाही, तो फॉर्म भरून मोकळा होतो. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज घेऊन भूमी अभिलेख कार्यालयात जावं लागतं. सातबाऱ्याची जमीन असेल तर तलाठ्याकडे. सामाईक जागा असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं, आणि ते मिळवायला कोणाच्या तरी ओसरीवर बसून बोलावं लागतं. मावशींच्या दोन्ही दिरांनी सह्या दिल्या. नणंदबाई लेकीच्या बाळंतपणात अडकल्यात, रविवारी मी मावशींना घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. पावत्यांची ती पिशवी आम्ही बरोबर नेतोय.