‘उंच पीक पकडा आणि फ्रेम्स रचा’ – क्रिस्टलला हे चालत नाही हो

परत तोच मेसेज फिरतोय. अणू दिसणारे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो जुळवायला गणित-बिणित लागत नाही म्हणे, क्रॉस-कोरिलेशन (एक फोटो दुसऱ्यावर सरकवत कुठे किती जुळतो याचा आलेख) काढा, त्यातलं सगळ्यात उंच पीक म्हणजे टोक पकडा, फ्रेम्स (त्याच जागेचे लागोपाठ काढलेले फोटो) सरकवून सरासरी घ्या, जितक्या फ्रेम्स जास्त तितकं चित्र खरं. सोबत एक चकचकीत चित्र.

आधी ते उंच पीक बघू. साध्या फोटोला चालतं, पण क्रिस्टल म्हणजे अणूंची तीच ती मांडणी परत परत. चौकडीच्या शर्टाला टेलरने खिसा एक चौकट सरकवून लावला तरी रेघा जुळतातच ना, तसंच. स्ट्रॉन्शियम टायटनेट नावाच्या क्रिस्टलमधे अणूंच्या जाळीचं एक घर ०.३९ नॅनोमीटरचं, समजा दोन फ्रेम्समधे सॅम्पल सरकलं ०.४२, तर कोरिलेशनमधे पीक्सची रांगच उभी राहते आणि नॉइजमुळे (फोटोतल्या दाणेदार गोंधळामुळे) ०.०३ वालं, म्हणजे बरोबर एक घर कमी असलेलं, पीक जरा वर आलं की प्रोग्राम तेच उचलतो. वर चित्र झकास दिसतं, अणूवर अणू बसलाय ना! पण मधे एखादा परका अणू असेल तर निम्म्या फ्रेम्समधे तो शेजारच्या घरात जातो आणि शेवटी एकाचे दोन फिकट ठिपके होतात.

यावर तोडगा आहे आणि तो मला जाम आवडतो. २०१८ मधे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी छापला: प्रत्येक फ्रेम बाकी प्रत्येक फ्रेमशी जुळवायची, ४० फ्रेम्स असतील तर ७८० जोड्या, मग पहिलीपासून दुसरी आणि दुसरीपासून तिसरी किती सरकली यांची बेरीज थेट पहिली-तिसरीशी जुळते का बघायचं. फरक बरोबर जाळीच्या एका घराएवढा निघाला की कुठेतरी उडी मारलीय, ती जोडी बाद.

जास्त फ्रेम्सचं म्हणाल तर १६ फ्रेम्सनी नॉइज चौपट कमी होतो, मान्य. पण स्कॅनिंगवाल्या मायक्रोस्कोपमधे फोटो ओळीओळीने बनतो, ५१२ बाय ५१२ पिक्सेल, प्रत्येकी १० मायक्रोसेकंद, म्हणजे २.६ सेकंद, तेवढ्यात सॅम्पल सरकतं आणि चौकोन तिरका होतो. सरकणं एकाच दिशेने चालू असेल तर सगळ्याच फ्रेम्स सारख्याच तिरक्या, सरासरीने काय सरळ होणार? म्हणून स्कॅन ९० अंशात फिरवून दुसरा फोटो घेतात, दोन्ही ताडून तिरकेपणा काढायला.

मेसेजसोबतच्या त्या चित्रात ना कड आहे ना दोष, नुसती जाळी. तिथे एका घराची उडी झाली असती तरी कोणाला दिसली असती?