उद्या पाणी येते का?

२०२५च्या जूनमध्ये मी आर्वीला, आईकडे होते. मृग कोरडा चालला होता आणि टीव्हीवर दिवसभर एकच विषय, पहिलीपासून हिंदी. आईने ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनला विचारलं, "उद्या पाणी येते का?"

आमच्याकडे पाणी येतं ते आभाळातून. नळाला येतात ते 'नळ'. पण फोनमधल्या बाईने पिण्याच्या पाण्याविषयी कायसं वाचून दाखवायला सुरुवात केली. आईने पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्याने, कमी ऐकू येणाऱ्या माणसाला विचारतात तसं. पुन्हा तेच. मग तिने कणकेचे हात पुसले आणि म्हणाली, "कल बारिश होगी क्या?" उत्तर लगेच आलं, हिंदीतून. "हिले हिंदीच समजते बाप्पा," म्हणत ती पोळ्यांकडे वळली.

टीव्हीवर तेव्हा सक्ती कशी खपवून घेणार नाही, यावर कुणीतरी तावातावाने बोलत होतं. पुढे २९ जूनला सरकारने १६ एप्रिलचा निर्णय आणि त्यानंतरचा सुधारित निर्णय, दोन्ही मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली. बरं झालं. सहा वर्षांच्या पोरांवर तिसरी भाषा लादू नये असंच माझंही मत आहे. पण माझ्या आईला हिंदीत कुणी ढकललं? ना शासन निर्णय, ना मास्तर, ना परप्रांतीय दुकानदार. पाऊस येतो का, एवढंच तिला हवं होतं आणि हिंदीत ते लवकर मिळालं.

मी नऊ वर्षं ब्रिटनमधल्या उत्तर वेल्समध्ये, बँगोरला राहते. नवरा दवाखान्यात, मी एका छोट्या कचेरीत. २०२१च्या जनगणनेत वेल्श ही इथली भाषा येणारी माणसं निघाली सुमारे ५ लाख ३८ हजार. आपण २०११च्या गणतीतच ८ कोटी ३० लाख होतो. पण इथे रस्त्यावरची पाटी दोन भाषांत असते आणि पलीकडच्या कार्नार्वनमध्ये तर भाजीवाल्यापासून शाळेपर्यंत सगळं वेल्शमध्येच चालतं. चांगल्या पाट्या पाहिल्या की माझा जीव पूर्वी हरखून जायचा. आता तेवढा जात नाही, आणि त्याला कारण एक बँक.

एचएसबीसीने २०२४च्या जानेवारीत आपली वेल्श भाषेतली फोनसेवा बंद केली. कारण सांगितलं की या लाइनवर दिवसाला सरासरी २२ फोन येतात. वेल्शमध्येच बोलायचं असेल तर आम्ही तीन कामकाजी दिवसांत उलट फोन करू, असंही म्हणाले. कार्ड हरवलेल्या माणसाने तीन दिवस थांबायचं! इथल्या लोकांनी यावर भरपूर आरडाओरडा केला, संसदेच्या समितीपर्यंत विषय गेला, पण सेवा गेली ती गेलीच.

मला मात्र त्या २२ आकड्याने वेगळंच सुचवलं. २२ फोनांसाठी पगारी माणसं बसवणं बँकेला परवडत नाही, हे समजू शकतं. यंत्राला २२ काय आणि २२ हजार काय. इथून पुढे चौकशीच्या खिडक्यांवर आवाजी यंत्रंच बसणार असतील, तर लहान भाषांना कधी नव्हे ती स्वस्तात जागा मिळू शकते. फक्त यंत्राला ती भाषा यायला हवी. आणि यंत्राला भाषा मोर्चाने येत नाही, माणसांचे आवाज ऐकून येते.

हे वेल्शवाल्यांना आपल्याआधी कळलं. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस'मध्ये लोक समोर आलेली वाक्यं वाचून आपला आवाज दान करतात, दुसरे ते ऐकून बरोबर-चूक सांगतात. २०१८मध्ये हा उपक्रम इंग्रजीबाहेर गेला, तेव्हा पहिल्या भाषांत जर्मन आणि फ्रेंचबरोबर वेल्श होती. बँगोर विद्यापीठातल्या गटाने 'मॅकसेन' नावाचा वेल्श साहाय्यक बांधला. तो हवामान सांगतो, बातम्या सांगतो, गाणी लावतो. याच गटाने आजारामुळे वाचा जाणार हे ठाऊक असलेल्या रुग्णांचे आवाज आधीच टिपून, त्यांच्याच आवाजात वेल्श बोलणारी सोय केली. कंपनी कधी येईल याची वाट पाहत ही माणसं बसली नाहीत.

तरी इथे सगळं गोडगोड आहे असं समजू नका. माझ्या शेजारणीची दोन्ही मुलं वेल्श शाळेत जातात, आजीशी वेल्श बोलतात आणि दिवाणखान्यातल्या स्पीकरला इंग्रजीत हुकूम सोडतात. अलेक्साला वेल्श येत नाही. मॅकसेन शेजारणीच्या फोनमध्ये आहे, पण मुलांना हवा असतो तो टीव्ही लावणारा, दिवे घालवणारा, विनोद सांगणारा. घरात रोज ज्याच्याशी बोलायचं तोच परभाषक असेल, तर शाळा किती पुरी पडणार?

आपल्याकडे यंत्र अगदीच मुकं नाही, हेही खरं. गूगलचा साहाय्यक २०१८पासून मराठी बोलतो. भारतीय भाषांतल्या भाषांतरासाठी केंद्राची 'भाषिणी' २०२२पासून आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा आवाज गोळा करणारा 'वाणी' प्रकल्प तर मला फारच आवडला. भाषांची यादी हातात घेऊन निघण्याऐवजी ते जिल्हावार जातात, माणसाला चित्र दाखवतात आणि काय दिसतं ते तुझ्या बोलीत सांग म्हणतात. हीच खरी मेख आहे. 'मराठी येते' म्हणजे कुणाची मराठी? आई म्हणते, "माळ्याले फोन लाव." आता यातला 'ले' काढायचा, उरलेल्या 'माळ्या'वरून मूळ शब्द माळी की माळा ते ठरवायचं, आणि तो माणूस फोनमध्ये इंग्रजी अक्षरांत साठवलेला आहे हे ओळखायचं. वेल्शचं दुखणं असंच आहे, फक्त दुसऱ्या टोकाला. तिथे शब्दाची सुरुवात बदलते. बँगोर गावाचं नाव 'बँगोरमध्ये' म्हणताना 'मँगोर' होतं. इंग्रजीवर वाढलेल्या यंत्राला ही दोन्ही लचांडं शिकवावीच लागतात.

घरच्या ग्रुपवर मी हे लिहिलं. चुलतभावाने आदल्याच दिवशी दुकानदाराला मराठी बोलायला लावल्याचा व्हिडिओ टाकला होता. त्याचं उत्तर आलं, "ताई, तिकडे बसून सोपं आहे बोलणं. इथे रोज बँकेत हिंदीत बोलावं लागते." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. परदेशात बसून गावाला अक्कल शिकवणाऱ्यांचा मलाही राग येतो, आणि बँकेतल्या माणसाने मराठी शिकावं ही मागणी रास्तच आहे. पण तो माणूस उद्या त्या खुर्चीवर असेल का? त्याच्या जागी यंत्र आलं, तर याने जाब कुणाला विचारायचा? अभिजात दर्जा ऑक्टोबर २०२४मध्ये मिळाला, पेढे वाटून झाले. त्या नावाने येणाऱ्या पैशातून वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, झाडीबोली यांचे दोन-दोन हजार तासांचे आवाज टिपून कुणालाही वापरता येतील असे खुले ठेवा, अशी मागणी मी अजून एकाही व्यासपीठावरून ऐकलेली नाही. त्यावर भावाने अंगठा पाठवला.

निघायच्या आदल्या रात्री मी आईला बसवलं. वाक्यं वाचून आवाज द्यायचा असाच एक उपक्रम मराठीतही चालतो, तो तिला दाखवला. तिचा पहिला प्रश्न, "अन् हे ऐकते कोन?" प्रश्न बिनतोड होता. घरातल्या स्पीकरांनी टिपलेलं बोलणं कंपन्यांची माणसं ऐकतात हे २०१९मध्ये उघड झालं, तेव्हा युरोपात केवढा गदारोळ उडाला होता. मी तिला म्हटलं, हे कुणीही ऐकू शकतं, म्हणूनच तू काय बोलतेस ते तुला आधी दिसतं. घरातलं ऐकणारा फोन मात्र तुला विचारत नाही.

तिने चष्मा लावला आणि फोटोला बसताना करतात तसा पदर सारखा केला. वाक्य होतं, 'तुम्ही इतका उशीर का करत आहात?'

"असं कोन बोलते?" ती म्हणाली, आणि मी लाल बटण दाबल्यावर खणखणीत आवाजात वाचलं, "तुमी एवढा उशीर काहून करून राहिले?"

नियमाप्रमाणे ते वाचन बाद.