रॅक जाड केला, मग आता तुटणार काय?

नमस्कार भाऊ,

माझ्या पिकअपला जाड स्टिअरिंग रॅक बनवून बसवला, त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कंपनीने तपासून दिलेला स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून पुढची चाकं वळवणारा दात्यांचा दांडा आणि त्याचं घर) काढून एकच नग बनवून घेणं म्हणजे जिवाशी खेळ. रॅक जाड केला की तोच जोर पुढे दुसरं काहीतरी मोडणार. त्यापेक्षा टायर लहान करा.

यातलं मधलं वाक्य अगदी खरं आहे. मूळ लेखात मी ‘आता स्टिअरिंगची चिंता मिटली’ असं लिहिलं होतं, ते चुकीचंच होतं. आज ते काढून टाकलं.

पण रॅक बदलायचं कारणही तुमच्या त्याच वाक्यात आहे. गोव्यात सत्तरीत आमच्या कुळागरातून (सुपारी-नारळाच्या बागेतून) काजूच्या डोंगराकडे जाणारी वाट एक ओहळ ओलांडते. गेल्या जुलैत तिथे पिकअपचं पुढचं डावं चाक दोन धोंड्यांच्या बेचक्यात बसलं. गाडी जागेवर उभी असताना मी स्टिअरिंग फिरवलं, ही माझी चूक. एकीकडून तेलाच्या दाबाने ढकललं, दुसरीकडून धोंड्याने अडवलं आणि मधल्यामध्ये रॅकचा दांडा वाकला. वाकलेला दांडा तेल अडवणाऱ्या सीलमध्ये अडकला, तेल वाहून गेलं, चाक सरळ होईना. वर डोंगरात पाऊस चालू होता आणि पाणी चढत होतं. रॅक काढायचा तर तेलाच्या नळ्या सोडा, स्टिअरिंगच्या कॉलमचा जॉईंट सोडा, गाडीखाली झोपा. वाहत्या पाण्यात हे होत नाही. टाय रॉड, म्हणजे रॅकचं टोक चाकाशी जोडणारी दांडी, वाकला असता तर दोन पान्यांनी अर्ध्या तासात बदलून आम्ही घरी आलो असतो.

म्हणून मोडायचंच असेल तर टाय रॉडने आधी मोडावं, रॅकने नाही, एवढं ठरवून मी कामाला लागलो. टाय रॉड मूळ जाडीचेच ठेवलेत, मुद्दाम कडक केलेले नाहीत, कारण तो वाकला पाहिजे, तुकडा पडता कामा नये. दोन जादा टाय रॉड गाडीत असतात.

आता जोराचं बोलूया, कारण तुमची खरी शंका तिथेच आहे. जुना दांडा 25 मिमीचा होता, नवा 32 मिमीचा आहे. वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनावर वाढते, त्यामुळे 7 मिमीने ती दुपटीच्या वर गेली. पण नुसता दांडा जाड केला असता तर तेलाला ढकलायला उरलेली जागा घटली असती आणि स्टिअरिंग जड झालं असतं. म्हणून दांड्याभोवतीचा तेलाचा सिलिंडर 40 वरून 45 मिमीचा घेतला. 80 बार दाबाला जुना रॅक सुमारे 625 किलो जोराने ढकलायचा, नवा 640 किलोने. म्हणजे ताकद दुप्पट, ढकलणं जवळपास तेवढंच. तेलही जवळपास तितकंच लागतं, म्हणून पंप बदलावा लागला नाही. सिलिंडर 50 चा घ्या असं मला सांगणारे होते. तो घेतला असता तर जोर दीडपट झाला असता आणि तुमचा इशारा खरा ठरला असता.

दांडा ईएन-24 (EN24) या मजबूत मिश्र पोलादाचा आहे. चोर्ला घाट चढून बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत दाते पाडून घेतले, मूळ पिनियनशी (रॅक सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाशी) जुळणारे. त्यामुळे स्टिअरिंगचे टोकापासून टोकापर्यंतचे फेरे बदललेले नाहीत. आतल्या दोन बॉल जॉईंटमधलं अंतरही तसंच आहे. हे मी जीव लावून तपासलं. ते अंतर चुकलं तर खड्ड्यात चाक वर-खाली होताना आपोआप वळायला लागतं. स्प्रिंग काढून, चाक जॅकवर थोडं थोडं उचलत टो, म्हणजे चाक आत-बाहेर किती वळलंय ते, मोजला. जुन्या रॅकची मोजमापं होती, ती जुळली.

फोटोतलं वेल्डिंग पाहून तुम्ही दचकलात. ते क्रॉसमेंबरवरच्या, म्हणजे रॅक ज्यावर बसतो त्या आडव्या तुळईवरच्या, जादा पट्टीचं आहे. रॅक, टाय रॉड, नकल (चाक धरून वळणारा भाग) यांना वेल्डिंग लावलेलं नाही आणि कुणी लावूही नये.

टायरबद्दल: 33 ऐवजी 30 इंची लावले तर गाडी दीड इंच खाली येते. ऐकायला थोडं वाटतं, पण तेवढ्यानेच आमच्या वाटेवरच्या चिऱ्याला डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला खाली लोंबणारा गिअरचा डबा) घासतं. ज्यांच्या वाटेवर असा चिरा नाही, त्यांनी जरूर तुमचं ऐकावं. टायर लहान करणं स्वस्त आहे आणि सुरक्षितही.

आणि एक गोष्ट, जी लेखात यायला हवी होती. ही गाडी आता फक्त बागायतीत चालते, बाहेर न्यायची तर ट्रकवर चढवून. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत फेरबदल करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. रोज पणजीला जायच्या गाडीत हे काम मी कुणाला करू देणार नाही.

चतुर्थी झाली की रॅक उतरवून दांड्याची आणि क्रॉसमेंबरची डाय (बारीक तड्यात शिरणारा रंग) लावून तडा-तपासणी करणार आहे. बारीक रेघ जरी दिसली तरी तिचा फोटो इथे टाकीन.