बाळा हे आडनाव नव्हे

नाट्यशास्त्र विभागाच्या नोटीस बोर्डावर पात्रयोजना लागली आणि माझ्या नावापुढे 'बाळा' असं लिहिलेलं दिसलं. मी तिथूनच घरी फोन लावला.

"आई, विभागाच्या नाटकात मला काम मिळालं. होनाजी बाळावरचं संगीत नाटक."

"अग्गोबाई! होनाजी बाळा? म्हणजे मुख्य भूमिकाच की रे!"

"नाही गं, मी बाळा."

"तेच म्हणतेय मी. होनाजी बाळा."

"आई, ते दोघं होते."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आई म्हणाली, "बरं. जेवलास का?"

आईला दोष देण्यात अर्थ नाही. पात्रयोजना लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत माझाही समज असाच होता, की होनाजी हे नाव आणि बाळा हे आडनाव. फार तर वडिलांचं नाव. प्रत्यक्षात होनाजी शिलारखाने कवनं रचायचा आणि त्याचा दोस्त बाळा करंजकर ती गायचा. उत्तर पेशवाईत दोघांच्या फडाचा पुण्यात मोठा बोलबाला होता, दुसऱ्या बाजीरावापर्यंत त्यांचं नाव पोचलेलं होतं. पुढे ही दोन नावं एकमेकांना अशी चिकटली, की दोनशे वर्षांत मधे साधा 'आणि' घालायचंही कुणाला सुचलं नाही. बाळा या माणसाला महाराष्ट्राने प्रत्यय करून टाकला.

तर असा प्रत्यय मला रंगवायचा होता.

संहिता सरांनी स्वतः मे महिन्याच्या सुट्टीत लिहिली होती. पहिल्याच वाचनाला अडचण लक्षात आली. गीतकाराच्या आयुष्यात बघण्यासारखं काही घडत नाही. सेनापती लढतो, संत चमत्कार करतो, राजा निदान शिकारीला तरी जातो. गीतकार बसतो, लिहितो, खोडतो, परत बसतो. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात थरारक घटना म्हणजे यमक सापडणं, आणि ते त्याला सापडलंय हे चौथ्या रांगेतल्या माणसाला कळायला हवं. सरांनी यावर तोडगा काढला होता. होनाजी बोरू घेऊन लिहितो, चिडतो, कागदाचा बोळा करून फेकतो. असे सात बोळे. आठव्या कागदावर गाणं जन्माला येतं.

मी म्हटलं, "सर, तेव्हा कागद इतका महाग होता की कुणी बोळे करून फेकले नसते. आणि शाहीर बहुतेक तोंडीच रचत असणार ना?"

सर शांतपणे म्हणाले, "तू बाळा आहेस ना? मग प्रश्न कशाला विचारतोस? गा."

आणि खरी गोम इथेच होती. आमचा होनाजी सहा फूट उंच, आवाज असा की संवाद म्हटला तर माइक लाजावा. पण सूर? त्याचा सा रोज नव्या जागी सापडायचा, काही दिवशी तर सापडायचाही नाही. सरांनी हिशेब मांडला होता की होनाजी लिहिणारा, बाळा गाणारा, तेव्हा होनाजीला गायला लावायचंच कशाला? हिशेब चोख होता. फक्त दुसऱ्या आठवड्यात होनाजीच्या लक्षात आलं, की आपण संगीत नाटकाचे नायक असूनही आपल्या वाट्याला एकही पद नाही.

तो थेट विभागप्रमुख मॅडमकडे गेला. मॅडमनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि विद्यापीठात असे निर्णय होतात तसा निर्णय दिला: प्रत्येक पदाची पहिली ओळ होनाजी म्हणेल, कारण ती त्याला सुचलेली आहे, पुढचं बाळा म्हणेल.

हा निवाडा ज्याने गळ्याने भोगला नाही त्याला त्यातली गंमत कळणार नाही. होनाजी पहिली ओळ ज्या सुरात सोडायचा तिथून मला ती उचलायची होती. पेटीवाल्याने पहिल्या तीन तालमी त्याच्या मागे पट्टी शोधण्यात घालवल्या आणि चौथ्या तालमीला हात वर केले. शेवटी असं ठरलं, की पहिल्या ओळीला पेटी गप्प राहील, दुसरीला पांढरी चारमध्ये येईल, आणि मधे जी दरी पडेल ती 'बाळाने अभिनयाने भरून काढावी'.

पेटीचंही एक महाभारत झालंच. सर अस्सलपणाचे भोक्ते. पेशवाईत पेटी नव्हती, ती आपल्याकडे आली पुढे इंग्रजांच्या काळात, म्हणून रंगमंचावर फक्त डफ, तुणतुणं, ढोलकी आणि झांज. पण संगीत दिग्दर्शकाला पेटीशिवाय करमेना. मग पेटी विंगेत काळ्या पडद्याआड लपवली. इतकी छान लपवली की मलाही ऐकू येईना. तुणतुणं विकत घ्यायला लेखा विभागाने तीन कोटेशनं मागितली. एका तारेच्या वाद्याला तीन कोटेशनं! फाइल परत आली तेव्हा शेरा होता, 'सदर वस्तूचा शैक्षणिक उपयोग स्पष्ट करावा.' आम्ही वर्गणी काढली.

आणि गाय. होनाजीच्या घरचा धंदा दुधाचा, त्यामुळे भूपाळीच्या प्रवेशात गाय हवी हा सरांचा हट्ट. पहिल्या वर्षाची दोन मुलं एका पांढऱ्या चादरीत कोंबली गेली. पुढच्या पायांचं आणि मागच्या पायांचं युवा महोत्सवापासून बोलणं नव्हतं, हे विभागात सरांखेरीज सगळ्यांना माहीत होतं. पुढचे पाय डावीकडे निघाले की मागचे पाय तत्त्व म्हणून थांबायचे. तालमीनंतर चादर निघायची, तेव्हा पुढच्या पायांना सगळे म्हणायचे, "मस्त गाय केलीस हं!" मागचे पाय घाम पुसत बाजूला उभे असायचे. एकदा आमची नजरानजर झाली. त्यानंतर कँटीनमध्ये मी कायम त्याच्याच टेबलावर बसलो.

प्रयोगाची तारीख सरांनी हेरून ठेवली होती, ५ नोव्हेंबर. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं ते १८४३ साली याच दिवशी, म्हणून हा मराठी रंगभूमी दिन. आणि खडकीची लढाई झाली तीही ५ नोव्हेंबरलाच, १८१७ साली. आमचा पहिला अंक खडकीवर संपत होता. "हा योग आहे!" सर म्हणायचे, आणि म्हणताना त्यांचे डोळे पाणवायचे. शिवाय होनाजीचा काळ १७५४ ते १८४४ असा सांगतात, म्हणजे नाटकाचा जन्म झाला तेव्हा तो नव्वदीला टेकलेला. म्हणून शेवटच्या प्रवेशात म्हातारा होनाजी सांगलीची बातमी ऐकतो आणि आनंदाने डोळे मिटतो. असं घडल्याचा पुरावा काय, असं मॅडमनी विचारलं. सर म्हणाले, "घडलं नसल्याचा पुरावा दाखवा." या प्रवेशात बाळा नव्हता. बाळाचं पुढे काय झालं हे संहितेत कुठेच नव्हतं. मी विचारलं तर सर म्हणाले, "तू दुसऱ्या अंकाच्या मध्यावर डावीकडून जातोस."

तिसरी घंटा झाली. नांदी सुरळीत पार पडली. खडकीच्या लढाईत सात तलवारी आणि एक धुराचं यंत्र होतं. धूर प्रेक्षागृहाकडे वळला आणि पहिल्या दोन रांगांमधले मान्यवर काही काळ इतिहासात दिसेनासे झाले. मध्यंतराला चहा उशिरा आला. किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' आणलं आणि मग संगीत नाटकं रात्र रात्र चालायला लागली, असं आम्हाला अभ्यासाला आहे. आमच्या सभागृहाचा वॉचमन दहाच्या ठोक्याला मेन स्विच काढतो, हे मात्र कुठल्या पुस्तकात नाही. त्यामुळे दुसऱ्या अंकातली दोन पदं मध्यंतरातच कापली. दोन्ही माझी होती.

उरली भूपाळी. 'घनश्याम सुंदरा श्रीधरा, अरुणोदय झाला.' होनाजीचं नाव आज ज्या ओळीमुळे टिकून आहे ती ही. महाराष्ट्राला ती पाठ आहे १९५१ च्या 'अमर भूपाळी'तल्या वसंत देसायांच्या चालीत, पंडितराव नगरकर आणि लताबाईंच्या आवाजात. आमच्या संगीत दिग्दर्शकाचं म्हणणं, तीच चाल घेतली तर आपण काय केलं? म्हणून त्याने अहिरभैरवात, रूपक तालात नवी चाल बांधली होती. चाल खरंच चांगली होती. अवघडही होती. दीड महिना मी ती आंघोळ करताना, बसमध्ये, एकदा तर तोंडी परीक्षेच्या रांगेतसुद्धा घोटली होती.

पडदा उघडला. पहाटेचा निळा प्रकाश. डावीकडून गाय आली, चारही पाय एका दिशेने. मला गहिवरून आलं. होनाजीने बोळे फेकले (दोन पहिल्या रांगेत गेले), आठवा कागद हातात धरला, आकाशाकडे पाहिलं आणि पहिली ओळ त्याला सुचली. कुठल्या पट्टीत सुचली ते तोच जाणे. मी डोळे मिटून दरी ओलांडली, मनातल्या मनात पांढरी चार पकडली आणि दुसरी ओळ घेतली.

तिसऱ्या रांगेतून एका आजोबांचा आवाज आला. जुन्या चालीत. त्यांच्या शेजारच्या आजींनी त्यांना साथ दिली. मग पाचवी रांग. मी रूपकाला घट्ट धरून ठेवलं होतं. सातवी मात्रा येईपर्यंत बाल्कनी सामील झाली. मी आशेने ढोलकीवाल्याकडे पाहिलं. त्याने एक क्षण माझ्याकडे पाहिलं, एक क्षण प्रेक्षकांकडे, आणि सरळ पब्लिकच्या ठेक्यात शिरला. विंगेतली पेटी मला पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आली. तीही तिकडेच गेली होती.

मी एकटा किती वेळ उभा राहणार? तिसऱ्या ओळीला शरण गेलो. चारशे माणसं गात होती आणि त्यांच्या मागे मी. चारशे गळ्यांत होनाजीचा सूर कुणाला ऐकूही येत नव्हता. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदाच सुरात होता म्हणा ना. गाणं संपलं आणि वन्समोर आला. लोकांनी लोकांनाच दिलेला. गाण्यानंतर निघायचं हे गायीला पाठ होतं, त्यामुळे वन्समोर सुरू होताच पुढचे पाय विंगेकडे चालू लागले. मागचे पाय मात्र थांबले. त्यांना बहुधा गाणं आवडलं असावं. गाय लांबत गेली. चादर मधून ताणली, ताणली, आणि अंबाबाईच्या कृपेने फाटली नाही. संगीत दिग्दर्शक तोवर चहाच्या टपरीवर पोचला होता.

प्रयोगानंतर सत्कार. कुलगुरू बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "होनाजी बाळा हे एक फार मोठे शाहीर होऊन गेले." मी विंगेत डोळे मिटले. मग निवेदिकेने घोषणा केली, "होनाजी बाळा यांची भूमिका साकारणाऱ्या कलाकाराने मंचावर यावं." आम्ही दोघंही गेलो. तबकात एक शाल, एक नारळ. कुलगुरूंनी आमच्याकडे पाहिलं, तबकाकडे पाहिलं, निवेदिकेकडे पाहिलं. माणूस शेवटी प्रशासनातला. त्यांनी शाल उलगडून आम्हा दोघांच्या खांद्यावर मिळून टाकली. होनाजी सहा फूट, मी साडेपाच. माझ्या वाट्याला मुख्यतः काठ आला. फोटोग्राफर म्हणाला, "मागचे, जरा पुढे या ना." खाली प्रेक्षकांत गायीचे मागचे पाय बसले होते. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

तो फोटो रात्री घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचला. आत्याने लिहिलं, 'होनाजी बाळाची भूमिका गाजवल्याबद्दल चिरंजीवांचं अभिनंदन!' काकांनी हार आणि फटाके टाकले. एका मामेभावाने लिहिलं, 'नायक शोभतोस.' मी तीनदा वाचलं. खुलासा करायला बोटं शिवशिवली, पण मी फोन उलटा ठेवला. इतकी वर्षं बाळाच्या नावावर होनाजी मोठा झाला होता. एक रात्र उलटं झालं तर काय बिघडतं?

सकाळी उठून पाहिलं तर अभिनंदनांच्या तळाशी आईचा मेसेज होता.

'ते दोघं होते. हा नुसता बाळा.'