स्क्रीनवरून बंद केला म्हणजे सर्व्हर ‘सेफ’ बंद झाला? नाही!

काल रात्री अकराला भाच्याचा मेसेज आला. तो बाणेरच्या एका छोट्या कंपनीत सिस्टिम अ‍ॅडमिन म्हणून नुकताच लागलाय. “मामा, ग्रुपवर हे फिरतंय. सर म्हणतात असंच करायचं. बरोबर आहे ना?” सोबत तोच फॉरवर्ड, जो महिनाभरात मला तिसऱ्यांदा आला. त्यात म्हटलंय: सर्व्हर अडकला की आयपीएमआय, आयड्रॅक किंवा आयएलओवरून (सर्व्हर दुरूनच चालू-बंद करायच्या सोयी) ‘पॉवर ऑफ’ मारा, सॉफ्टवेअरमधून केल्यामुळे ते सेफ शटडाउनच असतं. जर्नलिंग (डिस्कवरच्या बदलांची आधी नोंद ठेवणं) असल्याने डेटा जात नाही. मॅनेजमेंट पोर्टला (या सोयीच्या नेटवर्क जोडणीला) पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून थेट पोचता येईल असा पत्ता द्या, घरूनही काम होईल. लाइट आली की सगळे सर्व्हर एकदम चालू करा.

पहिला मुद्दा सगळ्यांत घातक, म्हणून आधी तोच. हे मॅनेजमेंट सॉफ्टवेअर मदरबोर्डवरच्या एका वेगळ्या छोट्या संगणकावर चालतं. मुख्य सर्व्हर बंद असला तरी तो जागा असतो. तुम्ही ‘पॉवर ऑफ’ दाबलं की तो हार्डवेअरला वीज तोडायला सांगतो. लिनक्सला किंवा विंडोजला त्याची खबरही नसते. त्यांच्या दृष्टीने तुम्ही वायर उपटली.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, आयपीएमआयटूल या कमांडचं मॅन पेज (तिची माहितीपुस्तिका) उघडा. ‘पॉवर ऑफ’समोर ठळक ‘वॉर्निंग’ आहे: ही कमांड वीज तोडण्याआधी ऑपरेटिंग सिस्टिम नीट बंद करत नाही. त्याच यादीत ‘पॉवर सॉफ्ट’ वेगळं दिलंय. ते ऑपरेटिंग सिस्टिमला बंद होण्याचा इशारा (एसीपीआय) देतं, जणू पुढचं बटण कुणी एकदा दाबलं. मग सर्व्हिसेस थांबतात, डिस्क अनमाउंट होतात, म्हणजे नीट सोडल्या जातात. आयएलओमध्ये हाच फरक ‘मोमेंटरी प्रेस’ आणि ‘प्रेस अँड होल्ड’ असा दिसतो, आयड्रॅकमध्ये ‘ग्रेसफुल शटडाउन’ वेगळं असतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने मेन्यूसुद्धा नीट वाचलेला नाही.

आणि ‘सॉफ्ट’ दिल्यावर कमांड यशस्वी झाली असं उत्तर आलं, तरी त्याचा अर्थ इशारा पोचला एवढाच. रिमोट कन्सोल उघडून बघा, ‘पॉवर स्टेटस’ विचारा. डेटाबेस बंद व्हायला वेळ लागतो, तो द्या. दोन मिनिटांत कंटाळून ‘ऑफ’ मारणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि नंतर रात्रभर डेटाबेसची टेबलं दुरुस्त करत बसलेलीही.

जर्नलिंगच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, मान्य करतो. लिनक्सची एक्स्ट४ फाइल सिस्टिम सहसा मोडून पडत नाही. पण डीफॉल्ट मोडमध्ये जर्नल फक्त मेटाडेटाची (फाइलचं नाव, आकार, जागा यांची) असते, फाइलमधल्या मजकुराची नाही. न लिहिलेला डेटा लिनक्स डीफॉल्टने ३० सेकंदांपर्यंत रॅममध्ये ठेवतो, आणि तो गेला की गेला. रेड कार्डची (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाची) बॅटरी कार्डापर्यंत पोचलेलंच वाचवते. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये वेग वाढवायला लॉग फ्लशची सेटिंग १ वरून २ केली असेल, तर शेवटच्या सेकंदाभराचे व्यवहारही जाऊ शकतात.

हेही खरं, की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पूर्ण अडकला आणि ‘सॉफ्ट’ला दाद देत नसेल तर जबरदस्तीने बंद करण्यावाचून इलाज नसतो. पण त्याआधी कन्सोलचा स्क्रीनशॉट घ्या. केडंप (कोसळताना मेमरीची प्रत ठेवणारी लिनक्सची सोय) लावलेला असेल तर ‘पॉवर डायग’ देऊन ती प्रत, म्हणजे क्रॅश डंप मिळवा. नाहीतर कारण कळणार नाही आणि पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा होईल.

पब्लिक आयपी? अजिबात नाही. आयपीएमआय २.० च्या लॉगिनमध्येच अशी खोट आहे की युझरनेम माहीत असलेल्या कुणालाही पासवर्डचा हॅश (त्याचं सांकेतिक रूप, ज्यावरून पासवर्ड शोधता येतो) मिळतो. हे २०१३ पासून सुरक्षा दोषांच्या यादीत नोंदलेलं आहे, सीव्हीई-२०१३-४७८६. दोष प्रोटोकॉलच्या रचनेतच असल्यामुळे पॅचने जात नाही. मॅनेजमेंट पोर्टला वेगळं व्हीलॅन (बाकीच्यांपासून तोडलेलं नेटवर्क), आणि घरून यायचं तर व्हीपीएन.

एकदम चालू करण्याबद्दल एवढंच: गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम संपून लाइट येते, तेव्हा सगळे पॉवर सप्लाय एकाच क्षणी करंट ओढतात आणि एमसीबी पडतो. म्हणून क्रमाने: आधी नेटवर्क स्विच, मग स्टोरेज, मग डेटाबेस, शेवटी अ‍ॅप्लिकेशन.

भाच्याला मॅन पेजच्या त्या ओळीचा फोटो पाठवलाय आणि सकाळी सरांना दाखव म्हटलंय.